रोझाशी बोलायला साओ पावलोला

ब्राझीलला जाऊन आले म्हटलं की इथे लेस्टरमध्ये लोक आधी समुद्रकिनाऱ्याचं विचारतात आणि मग चोऱ्यामाऱ्यांचं. दोन्हींबद्दल माझ्याजवळ सांगण्यासारखं थोडंच आहे. मी गेले होते एका मैत्रिणीशी बोलायला. फोनवर ते जमेनासं झालं होतं, म्हणून.

तिचं नाव रोझांजेला. मी तिला रोझा म्हणते. तीसेक वर्षांपूर्वी लेस्टरच्या एका गारठलेल्या घरात आम्ही तिघी भाड्यानं राहायचो. मी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नुकतीच लागले होते. रोझा युनिव्हर्सिटीत भूगोलाची पीएचडी करत होती. तिसरी बियात्रिस, तीही ब्राझीलची. ती इंग्रजी शिकता शिकता एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करायची. घरात धड चालणारा हीटर एकच होता, त्यामुळे तो ज्या खोलीत, त्या खोलीत तिघी. रोझा तेलात लसूण परतून त्यावर भात टाकायची, मी त्यावर वरण वाढायची, आणि बियात्रिस दोघींना नावं ठेवत दोनदा वाढून घ्यायची. पुढे त्या दोघी परत गेल्या, रोझा साओ पावलोला युनिव्हर्सिटीत शिकवायला आणि बियात्रिस रिओला. मैत्री मात्र टिकली. माझ्या लग्नात रोझानं इंग्रजीत असं भाषण ठोकलं होतं की माझे सासरे, जे सहसा हसत नसत, डोळे पुसेपर्यंत हसले.

दोन वर्षांपूर्वी रोझाला स्ट्रोक झाला. उजवा हात-पाय लुळा पडला होता, तो हळूहळू बराच सुधारला. बोलणं मात्र गेलं. काही महिन्यांनी तिची पोर्तुगीज थेंबाथेंबानं परत यायला लागली. इंग्रजी आलंच नाही. व्हिडिओ कॉलवर ती माझ्याकडे बघायची, तोंड उघडायची, थांबायची आणि मग स्वतःच फोन बंद करायची. थोड्या वेळानं तिचा मुलगा कायो मेसेज करायचा की आई दमली आहे, सॉरी.

इंग्रजी परत येईल किंवा येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा मी ठरवलं, तिला माझ्या बाजूला येता येत नसेल तर मीच तिच्या बाजूला जाईन. एकसष्टाव्या वर्षी मी पोर्तुगीज शिकायला बसले.

लेस्टरमध्ये त्यासाठी लांब जावं लागत नाही. दीव-दमणहून पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली कितीतरी कुटुंबं इथे आहेत. बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत आयरीन आंटी राहतात. वय ऐंशीच्या पुढे, आणि दमणला पोर्तुगीजांचं राज्य होतं तेव्हा शाळेत गेलेल्या. मी त्यांना क्लिनिकला, चर्चला न्यायची, त्या मला किचनच्या टेबलावर शिकवायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी चावी, बादली, साबण, परात, बटाटा, पगार असे शब्द मोजून दाखवले. हे सगळे तिकडूनच आपल्याकडे आलेले. "हे तुला फुकट मिळाले," त्या हिंदीत म्हणाल्या, "क्रियापदं मात्र कमवावी लागतील." त्यांनी ती माझ्याकडून खरोखर कमवून घेतली. वर्षभर, पावसात, बर्फात, दर बुधवारी.

माझा नवरा अलॉटमेंटवर, म्हणजे भाड्यानं घेतलेल्या भाजीच्या तुकड्यावर, घेवड्याला पाणी घालायला मागे राहिला. विमानात बसणं त्याच्या तब्येतीला मानवत नाही. ब्रॅकनेलला आयटीत असलेली आमची मुलगी रेवा मात्र खास घरी आली.

"आई, तू एकटा जाणार?"

"एकटी," मी म्हणाले.

"तेच. एकटी. आय मीन, कशाला? तिला बोलता येत नाही, तुला पोर्तुगीज येत नाही."

हिशोब बरोबर होता. म्हणूनच तर जायचं होतं.

साओ पावलो

ऑगस्टमध्ये इथे लेस्टरला उन्हाळा म्हणून मी सुती कपडे भरले. तिथे तेव्हा थंडी असते हे वाचूनही मनावर घेतलं नव्हतं. विमान खाली यायला लागलं तशा खिडकीतून उंच इमारती दिसू लागल्या, त्या जमिनीला टेकेपर्यंत संपल्याच नाहीत. वरून भुरभुर पाऊस. त्या शहरातल्या घरांना हीटिंग नसतं, आणि अंघोळीच्या शॉवरच्या तोंडाशीच पाणी तापवायची विजेची सोय असते. वरून दोन वायरी लोंबताना दिसल्या तेव्हा मी हात जोडले आणि पहिल्या दिवशी बादलीवर भागवलं. इंग्लंडमधून गेलेली बाई साओ पावलोत थंडीनं कुडकुडते आहे, हे कायोला फार गमतीचं वाटलं. त्यानं मला त्याचा स्वेटर दिला.

कायो पंचविशीचा, आईसाठी तिच्याच घरी परत राहायला आलेला. एअरपोर्टवरून येताना तो मला चांगल्या इंग्रजीत एकेक सांगत होता. तिला दमवू नका. गर्दीत नेऊ नका. फिजिओथेरपी सोडली तर ती वर्षभर घराबाहेर पडलेली नाही. तो असं सांगत होता जसं आपण काचेचं सामान कुणाच्या हाती देताना सांगतो.

रोझा दारातच उभी होती. डाव्या हातात काठी, केस पांढरे, लिपस्टिक लावलेली. मी विमानात घोकलेलं वाक्य म्हणून टाकलं: मी तुला भेटायला आले आहे आणि आता आपण तुझ्या भाषेत बोलायचं. आयरीन आंटींनी शिकवलं तसं, शब्दांची शेपटं गिळून.

रोझा माझ्याकडे बघत राहिली. मग ती हसली. हसणं जसंच्या तसं शाबूत होतं. बऱ्याच वेळानं एक शब्द आला. "पादारिया."

म्हणजे बेकरी. कायोनं उलगडा केला. साओ पावलोतल्या जुन्या बेकऱ्या पोर्तुगालहून आलेल्या लोकांच्या, आणि मी गल्ल्यावर बसलेल्या त्या म्हाताऱ्या मालकिणींसारखी बोलत होते. ब्राझीलचे लोक स्वर मोकळे सोडतात, बोलताना हेल काढतात. शब्दाच्या सुरुवातीच्या 'र'चा तर 'ह' करतात. इतकी वर्षं मी तिला रोझा म्हणत होते आणि तिच्या देशात ती होझा होती.

त्या पोर्तुगालच्या पोर्तुगीजपायी माझी फजितीही झाली. दुसऱ्या दिवशी रोझाच मला कोपऱ्यावरच्या बेकरीत घेऊन गेली. तिथे काउंटरवरच्या मुलीला मी आंटींच्या शाळेतल्या शब्दानं, 'रापारीगा' म्हणून हाक मारली. पोर्तुगालमध्ये त्याचा अर्थ साधी मुलगी. ब्राझीलमध्ये बऱ्याच ठिकाणी ती शिवी आहे. मुलीचा हात थांबला, मागे उभे असलेले गृहस्थ खोकले. रोझानं काठी टेकत पुढे होऊन माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "इंग्लंड." एवढ्यावर सगळं माफ झालं. मुलीनं आम्हाला चीजचे गरम छोटे पाव जास्तीचे दिले. वर्षभरात रोझा पहिल्यांदा कुणा परक्या माणसाशी बोलली होती, हे मला नंतर कळलं.

तिच्याशी बोलायचं म्हणजे थांबायला शिकायचं. प्रत्येक शब्दाआधी मोठी पोकळी असते. त्या पोकळीत आपण एखादा शब्द सरकवावा असा मोह अनावर होतो. मी सुरुवातीला सरकवायचेही, आणि निम्म्या वेळा चुकायचे. मग ती डोळे मिटून घ्यायची आणि सापडत आलेला शब्दही निसटायचा. मी हात मांडीखाली दाबून बसायला लागले. तेव्हा कुठे ती बोलू लागली.

एकदा बाहेर निघताना तिला काहीतरी हवं होतं. हवेत मनगट फिरवत होती. मला वस्तू कळली पण घाईत पोर्तुगीज शब्दच आठवेना आणि तोंडून मराठी निघालं, "चावी?"

"शावी!" रोझा म्हणाली. पोर्तुगीजमध्ये तोच शब्द. आम्ही दोघी पॅसेजमध्ये उभ्या राहून हसलो. बादली कुठे, साबण कुठे करत घरभर हिंडलो. कायो ऑफिसची मीटिंग अर्धवट सोडून बाहेर आला, काय झालं बघायला.

त्यानंतर आम्ही रोज बाहेर पडलो. तिच्या गल्लीत आठवडी बाजार भरतो. तिथे तळलेल्या मोठ्या करंजीसारखं 'पास्तेल' घ्यायचं आणि त्यावर उसाचा रस प्यायचा अशी रीत आहे. उसाचा रस! चरक तसाच, लिंबूही तसंच. बेलग्रेव्ह रोडला मिळतो तो बाटलीतला, त्याला ही चव नाही. रविवारी शहरातला सगळ्यात मोठा रस्ता, पावलिस्ता, गाड्यांना बंद असतो आणि लोक नुसते चालायला येतात. कायोनं सांगितलेली गर्दी ती हीच. रोझा त्यातून काठी टेकत चालली. लोक बाजूला होत होते, पण कुणी तिच्याकडे केविलवाण्या नजरेनं बघत नव्हतं. थकली की बाकावर बसायची. तिथेच मी तिला सांगितलं की गुरुवारी मी रिओला, बियात्रिसकडे जाणार आणि तिथूनच लेस्टरचं विमान पकडणार.

बियात्रिस स्ट्रोकनंतर एकदाही आली नव्हती. ती फुलं पाठवायची, कायोकडे चौकशी करायची. बसनं सहा तासांवर असूनही ती आली नव्हती.

"जाते," रोझा म्हणाली. मला वाटलं, घरी जायचं म्हणते आहे. मी उठले. तिनं काठी जमिनीवर आपटली. "हीयु. जाते."

हीयु म्हणजे रिओ.

कायो ऐकूनच नाही म्हणाला. मग त्याचं पोर्तुगीज इतकं जलद व्हायला लागलं की मला कळेना. त्याच्याजवळ पुष्कळ वाक्यं होती आणि रोझाकडे एकच शब्द, तो ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. शेवटी तो माझ्याकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही तर आठवड्याभरात निघून जाल. वाटेत काही झालं तर?"

त्याचं चुकत नव्हतं, आणि मी ते कबूल केलं. काही होणार नाही असं मी सांगू शकत नव्हते. "पण कायो," मी म्हणाले, "ती आपल्याला विचारत नाहीये. ती सांगते आहे."

त्यानं डॉक्टरांना फोन केला. बहुधा ते नाही म्हणतील अशी त्याला आशा असावी. डॉक्टर म्हणाले, जाऊ दे, बसमध्ये मधेमधे उठून चालू दे, गोळ्या चुकवू नका. कायोनं ऑनलाइन तिकिटं काढायला लॅपटॉप उघडला, तर रोझानं तो मिटला. तिकीट ती स्वतः काढणार होती.

बसस्टँड

साओ पावलोचं बसस्टँड एखाद्या एअरपोर्टएवढं आहे. खिडक्यांची रांगच्या रांग आणि प्रत्येकीपुढे माणसं. बुधवारी कायोनं आम्हाला तिथे नेलं आणि आम्ही दोघी रांगेत उभ्या राहिलो. माझ्या तोंडात तिकिटाचं वाक्य तयार होतं, पाठ केलेलं, व्याकरणासकट. मी ते गिळून टाकलं.

रोझा खिडकीशी गेली. चष्मेवाल्या क्लार्कनं कुठे म्हणून विचारलं. काही क्षण काहीच आलं नाही. मग आलं, "हीयु." किती? तिनं दोन बोटं वर केली, पण स्वतःच मान हलवली आणि शब्दाची वाट बघत राहिली. "दोन." उद्या किती वाजताचं? इथे गाडं अडलं. आकडे तिला सगळ्यात अवघड जातात. तिचे ओठ हलत होते, मानेवरची शीर ताठ झाली होती.

आमच्या लेस्टरला असतं तर रांगेनं मुकाट्यानं घड्याळं बघितली असती. इथे रांग मदतीला धावली. मागून कुणी नऊ म्हणालं, कुणी दहा, जणू कोडंच चाललं होतं. माझ्या मागच्या माणसानं माझ्या खांद्याला हात लावून विचारलं, मी तिच्याबरोबर असेन तर सांगत का नाही.

"ती बोलते आहे," मी पोर्तुगीजमध्ये म्हणाले. एवढंच, पण त्या वर्षभरात शिकलेल्या पोर्तुगीजचा त्याहून चांगला उपयोग मी केला नसेल.

रोझा रांगेकडे वळली. "सावकाश," ती त्यांना म्हणाली, जशी वर्गाला म्हणत असेल. रांग गप्प झाली. ती पुन्हा खिडकीकडे वळून म्हणाली, "सकाळी." क्लार्कनं स्क्रीन तिच्याकडे फिरवला, तिनं वेळेवर बोट ठेवलं. शेवटी त्यानं नाव विचारलं. तिनं दोन्ही आडनावांसकट पूर्ण नाव सांगितलं, एकदाही न अडखळता.

तिकिटं हातात घेऊन ती बाहेर आली तेव्हा घामाघूम झाली होती. कायो एका खांबापाशी उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. रविवारी रिओला न्यायला येतो एवढंच तो म्हणाला, आणि आईच्या जॅकेटची चेन वरपर्यंत लावून दिली.

रिओ

रस्ता चांगला होता. एका मोठ्या ढाब्यासारख्या ठिकाणी बस थांबली. तिथे वजनावर जेवण विकतात. ताट भरा, काट्यावर ठेवा. मी शाकाहारी म्हटल्यावर वाढणाऱ्या बाईनं सहानुभूतीनं माझ्या ताटात काळ्या घेवड्याची उसळ घातली. पुढे हिरवे डोंगर आले. रोझा खिडकीशी होती. मी एका मोठ्या उघड्या कातळाकडे बोट दाखवलं तर ती एका दमात म्हणाली, "ग्नाइस." खडकाचं नाव. आकडे गेले होते, इंग्रजी गेलं होतं, पण खडक तिला सोडून गेले नव्हते. मग मी मुद्दाम डोंगर दाखवत राहिले आणि ती मला शिकवत राहिली.

बियात्रिस लेमेला राहते, कोपाकाबानाच्या टोकाला, समुद्रापासून एक गल्ली आत. आम्ही दोघी येतोय हे कायोनं तिला कळवलं होतं. दार उघडून तिनं रोझाला मिठी मारली आणि बोलायला लागली, ती थांबेचना. पोर्तुगीजमध्ये रोझाशी, इंग्रजीत माझ्याशी. प्रवास कसा झाला, किती छान दिसतेस, बस, खा. जेवण मात्र अप्रतिम होतं. लसणीचा भात, काळा घेवडा, बारीक चिरून परतलेली कोबीसारखी हिरवी भाजी, लोण्यात भाजलेलं कसाव्याचं, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचं पीठ, संत्र्याच्या फोडी. रोझा एखादा शब्द शोधायला लागली की बियात्रिस तो पुरवायची. मीठ? पाणी? दमलीस? झोपायचंय? मी स्वतः मांडीखाली हात दाबून बसायचे ते मला आठवत होतं, पण हे सांगायचं काम माझं नव्हतं.

रोझानं चमचा खाली ठेवला. "थांब," ती म्हणाली.

बियात्रिस थांबली. बाहेर कुणीतरी आइस्क्रीम विकत ओरडत होतं, तेवढाच आवाज. रोझा शब्द जमवत होती. बियात्रिसचे डोळे भिरभिरत होते, पण या वेळी ती काही बोलली नाही.

"तू आली नाहीस," रोझा म्हणाली. पूर्ण वाक्य. मी त्या सगळ्या दिवसांत तिच्याकडून ऐकलेलं पहिलं.

बियात्रिसचा चेहरा उतरला. तिला आता बोलता येईना. टेबलक्लॉथवरचे पिठाचे कण ती बोटानं गोळा करत राहिली. "मला भीती वाटली," ती शेवटी म्हणाली. "तू असशील आणि तुझा आवाज नसेल, त्याची."

रोझानं बराच वेळ घेतला. "मला पण," ती म्हणाली.

त्यानंतर दोघी रडल्या. मी ताटं उचलून किचनमध्ये गेले आणि लागतो त्याहून जास्त वेळ घासत राहिले.

पुढचे दिवस आम्ही तिघी सकाळी समुद्राकाठच्या सपाट रस्त्यानं फिरायला जायचो, टोकाच्या डोंगरापर्यंत आणि परत. बियात्रिस आता बोलता बोलता मधेच ओठ दाबून धरायची, ते बघून मला हसू यायचं. एकदा टॅक्सीनं शहरामागच्या जंगलात गेलो, तर झाडाझाडाला फणस लगडलेले. हे झाड तुमच्याकडूनच आणलं, रोझानं मला दोनतीन शब्दांत आणि बऱ्याच खाणाखुणांत समजावलं. तिथे पिकलेले फणस कुणी न खाता पडून सडतात. कोकणातल्या माझ्या आजोळी हे कळलं तर जीव हळहळेल.

रविवारी संध्याकाळी माझं विमान होतं. दुपारी जेवताना कायोचा फोन आला. बियात्रिसनं स्पीकर लावला. तो साओ पावलोच्या बसस्टँडवर होता, तिकीट काढायच्या रांगेत. आईची बॅग भरून ठेवा, उद्या सकाळच्या बसनं परत निघू, म्हणाला.

रोझानं हात पुढे केला. बियात्रिसनं फोन तिच्यासमोर ठेवला.

"फीकू," रोझा म्हणाली.

बियात्रिसनं तोंडावर हात दाबला. मला शब्दाचा अर्थ माहीत होता, 'मी राहते', पण त्यात एवढं काय ते कळेना. ते नंतर बियात्रिसनं सांगितलं. दोनशे वर्षांपूर्वी याच शहरात एका राजपुत्राला पोर्तुगालहून हुकूम आला होता, मुकाट्यानं परत ये. त्यानं नकार दिला तो याच शब्दात. त्यातून पुढे देश स्वतंत्र झाला. ब्राझीलमधलं प्रत्येक पोर शाळेत तो दिवस पाठ करतं.

मग फोनमधून कायोचं हसू ऐकू आलं. आधी नाकातून, मग मोकळं. "बरं, प्रोफेसर," तो म्हणाला. "किती दिवस?"

आकडा शोधायच्या भानगडीत रोझा पडली नाही. तिनं फोन बियात्रिसकडे सरकवला आणि काठी घेऊन मला लिफ्टपर्यंत पोचवायला उठली.